बारा तालुके चॅलेंज : प्रकल्प नोंदी

2 जानेवारी
यंदा गुडरीड्सवर (वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची साइट) वर्षात किती पुस्तकं वाचणार त्याचा आकडा टाकायचा नाही असं पक्कं होतं, पण काल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी 52 टाकल्याचा स्क्रीनशॉट पाठवला आणि माझा हात शिवशिवायला लागला. मग त्याऐवजी हा प्रकल्प. गोव्यातले 12 तालुके, प्रत्येक तालुक्यात जन्मलेल्या एका लेखकाचं एक पुस्तक, मुदत डिसेंबर. ग्रुपमध्ये आम्ही मोजकीच माणसं: डिचोलीचे सर, काणकोणची मैत्रीण, माझा मावसभाऊ (हा फक्त इमोजी टाकायला आहे) आणि मी फोंड्याहून. नोंदी मी ठेवायच्या कारण ऑफिसात पण लेजर माझ्याचकडे असतं, असं सरांचं लॉजिक.

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "वळेरी (यादी) जाली, आतां वाचतली केन्ना?" उत्तर दिलं नाही.

5 जानेवारी
कामाला लागण्याआधी जुन्या चॅलेंजांचा हिशोब एका शीटवर घातला. चॅलेंजचं नाव, कधी जॉइन केलं, कधी सोडलं, हे सगळे लिहितात. मी एक कॉलम वाढवला, 'कोणी मारलं'. म्हणजे ते चॅलेंज बंद पडलं तेव्हा हातात कुठलं पुस्तक होतं ते. आणि मजा अशी की बहुतेक रकान्यांत आळस, ऑफिस, मोबाइल असलं काही येतच नाही, पुस्तकाचंच नाव येतं, आणि ते वाईट पुस्तक नसतं.

गुडरीड्सचं चॅलेंज 2011 पासून आहे, त्याचा काटा एकच, पुस्तकांची संख्या. नव्वद पानांची एकांकिका पण एक आणि आठशे पानांची कादंबरी पण एक. त्यामुळे मार्च आला की मी बारीक पुस्तकं शोधायला लागते, लायब्ररीत कण्याची जाडी बघून पुस्तक उचलते, आणि मग एखादं जाड पुस्तक मध्ये येतं आणि पेज उघडलं की वर लिहिलेलं असतं, तुम्ही ठरल्यापेक्षा इतकी पुस्तकं मागे आहात. हे वाक्य वाचून जगात कोणी पुढे गेलंय का माहीत नाही. आकडा वर्षात कधीही बदलता येतो हे मात्र बरं आहे, डिसेंबरात 40 चे 22 करून 'पूर्ण' चा बॅज घेणारे लोक मला माहीत आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

मग ते 24 कामांचं अमेरिकन चॅलेंज, 'बुक रायट' या साइटवाल्यांचं, 2015 साली सुरू झालेलं. महिन्याला दोन या हिशोबाने वर्षाला 24, आणि प्रत्येक काम म्हणजे एक अट. ते मला खरंच आवडलं होतं, कारण आपण जे कधी हातात घेणार नाही ते घ्यायला लावतं. पण अटी तिकडच्या प्रकाशनांना आणि तिकडच्या दुकानांना धरून असतात, मराठीत त्या अटीत बसणारं शोधता शोधताच महिना जातो.

आणि 24 तासांचा रीडाथॉन. 2007 पासून चाललेला, सगळ्या जगात एकाच क्षणी सुरू होतो, म्हणजे तिकडे सकाळी कॉफी घेऊन बसतात तेव्हा आपल्याकडे शनिवारी संध्याकाळचे साडेपाच. म्हणजे आपली सुरुवातच दिवाबत्तीला आणि मग थेट रात्र. पहाटे तीनपर्यंत टिकले होते, तेही शेजारच्यांच्या लग्नाच्या डीजेमुळे.

11 जानेवारी
तालुकावार यादी. पहिल्याच तासात कळलं की फोंडा तालुका हा घोळ आहे. बाकीबाब (म्हणजे कवी बा. भ.) बोरकर बोरीचे. लक्ष्मणराव सरदेसाई सावई वेऱ्याचे, मनोहरराय सरदेसाई पण तिथलेच. पुंडलीक नायक वळवईचे. एका तालुक्यात एवढी गर्दी आणि तिकडे धारबांदोड्यासमोर रकाना कोरा. सर म्हणाले, त्यात काय नवीन, देवसुद्धा सगळे फोंड्यालाच आले ना, मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. आणि रवींद्र केळेकर जन्मले कुंकळ्ळीत आणि राहायला प्रियोळला, म्हणजे फोंड्यातच. 'जन्म की वास्तव्य' यावर अर्धा तास गेला. ठरलं: जन्म. नाहीतर फोंडा सगळ्यांना गिळणार.

धारबांदोड्याचा प्रॉब्लेम वेगळा. तो तालुका 2011 साली झाला. त्याआधी तिथे जन्मलेला माणूस कागदोपत्री सांगे नाहीतर फोंड्यात जन्मला. मावसभावाने लिहिलं, "मग 2011 नंतर जन्मलेला लेखक शोधा." इमोजीपलीकडचं त्याचं वर्षातलं पहिलं योगदान.

बार्देशला जयवंत दळवी घेतले. लोक त्यांना आरवलीचे धरतात, ते बरोबरच आहे, पण जन्म हडफड्याचा. हडफडे म्हटलं की आता शनिवारचं नाइट मार्केट आठवतं, दळवी कोणाला आठवत नाहीत, म्हणून मुद्दाम घेतले.

19 जानेवारी
भांडण झालं. होणारच होतं. कोंकणी पुस्तक चालेल की नाही?

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्या घरात बोलणं कोंकणी, पेपर मराठी, देवळातली आरती मराठी, भांडण पुन्हा कोंकणी. यात आम्हाला काहीच अडचण वाटत नाही, अडचण 'तुझी भाषा कुठली' असं कोणी विचारलं की सुरू होते. 1987 च्या राजभाषा कायद्याच्या वेळच्या आंदोलनाच्या गोष्टी ऐकत आमची पिढी वाढली, घराघरात दोन बाजू होत्या. तर काणकोणची मैत्रीण म्हणाली की दामोदर मावजोंना ज्ञानपीठ मिळालं ते कोंकणीसाठी, साष्टीचा माणूस, आणि तुम्ही त्यांना यादीत धरणार नाही? सर म्हणाले चॅलेंज मराठी वाचनाचं आहे, मावजोंचा मराठी अनुवाद वाचा. ती म्हणाली मूळ वाचता येत असताना अनुवाद का वाचू. हे रात्री अकरापर्यंत चाललं, दोघंही आपापल्या परीने बरोबर, आणि दोघंही मराठीत भांडत होते.

शेवटी नियम असा लिहिला: वाचलेलं मोजायचं, भाषा विचारायची नाही. देवनागरी, रोमी (म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी), काहीही. सरांनी थम्सअप दिला पण एकच, एरवी ते तीन देतात.

8 फेब्रुवारी
मुरगाव पूर्ण. इथेही दोन दावेदार होते: केळशीचे कृष्णदास शामा, 16 व्या शतकातले, ज्यांचं नाव पणजीच्या सेंट्रल लायब्ररीला आहे, आणि सांखवाळचे धर्मानंद कोसंबी. कोसंबींचं 'निवेदन' घेतलं, कारण लायब्ररीत ते जागेवर होतं. (ही लायब्ररी 1832 सालची, आता पाटोवर कदंब स्टँडपासून पायी जाता येईल अशा ठिकाणी. फोंड्याची बस सुटायच्या आधी जाऊन येता येतं, माझ्या वाचनातलं निम्मं श्रेय या भूगोलाचं.)

'निवेदन' बसमध्येच वाचलं. 1924 साली पुस्तकरूपात आलेलं, पण भाषा अशी सरळ की बाणस्तारीच्या पुलाच्या ट्रॅफिकमध्ये पण धागा तुटत नाही. 1876 मध्ये जन्मलेला सांखवाळचा एक मुलगा, शाळा धड नाही, नारळाच्या बागा बघायच्या, आणि एका मासिकात बुद्धाबद्दल वाचून डोक्यात किडा शिरतो. लग्न झालेलं, लहान मुलगी. तरी घर सोडून निघतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, मग सिलोन, तिथे भिक्षू होतो. काशीत अन्नछत्रावर जेवून संस्कृत शिकतो. पुढे हाच माणूस हार्वर्डला पाली ग्रंथाच्या संपादनाला. मोठेपणाचा आव कुठेच नाही, उलट कुठे पैसे संपले, कुठे आजारी पडलो, कुठे घरची आठवण येऊन रडलो हे इतक्या कोरडेपणाने सांगितलंय की आपणच अस्वस्थ होतो. बायकोचं काय झालं असेल हा प्रश्न मात्र मला शेवटपर्यंत सोडून गेला नाही, आणि पुस्तक त्याचं उत्तर द्यायला बांधलेलं नाही.

मुदतीत संपलं. चॅलेंजच्या दृष्टीने आदर्श पुस्तक. हे वाक्य लिहिल्यावर मला जरा विचित्र वाटलं.

27 फेब्रुवारी
मराठी भाषा दिन, ऑफिसात कोणाला पत्ता नाही. संध्याकाळी गुडरीड्सवर वाचलेलं टाकायला बसले. मराठी पुस्तकांची तिथली अवस्था ज्यांनी बघितलीय त्यांना माहीत आहे. एकच पुस्तक तीनदा, एकदा देवनागरीत, दोनदा रोमन स्पेलिंग बदलून. लेखक एकदा आडनावाने, एकदा सगळ्या आद्याक्षरांनी. जुन्या आवृत्त्यांना आयएसबीएन नसतो, मग हाताने भरा, पानं मोजा, कव्हरचा फोटो काढा, तोही ट्यूबलाइट चमकतो म्हणून पुन्हा काढा. तासभर गेला. त्या वेळात पन्नास पानं झाली असती. पण एकदा भरलं की पुढच्याला तयार मिळतं, म्हणून भरलं.

16 मार्च
सत्तरी: महादेवशास्त्री जोशी. आंबेडे गावचे. ज्या माणसाने 10 खंडांचा भारतीय संस्कृतिकोश उभा केला तो सत्तरीच्या रानातल्या खेड्यातून गेला होता हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही, आणि त्यांची बायको सुधाताई गोवा मुक्तीसाठी पोर्तुगिजांच्या तुरुंगात बसून आल्या हे तर आणखीच उशिरा कळलं. मी 'आत्मपुराण' घेतलं. मावसभावाने विचारलं, कोशाचे 10 खंड म्हणजे 10 पुस्तकं ना? गुडरीड्सच्या नियमाने हो. म्हणजे आडव्या शब्दकोड्यासारखं 'अ' पासून चाळत बसलं तरी वर्षाचा कोटा जवळजवळ भरला. कोणी करत नाही हे नशीब, का करतायत आणि आपल्याला माहीत नाही.

शिगमोच्या गडबडीत उरलेलं संपवलं. रोमटाच्या (शिगमोच्या मिरवणुकीच्या) ढोलात वाचता येत नाही, हे प्रयोगाने सिद्ध.

20 एप्रिल
बार्देश झाला. दळवी. रात्रीत संपलं. लिहिण्यासारखं खूप आहे पण ऑफिसात इयर एंडिंगचं उरलेलं काम डोक्यावर आहे.

केप्याच्या रकान्यावर सरांचा प्रस्ताव: हेगडे देसायांनी 1912 साली केप्याहून 'भारत' काढलं होतं, तर त्या वृत्तपत्राचे जुने अंक पुस्तक म्हणून धरायचे का? मी हो म्हटलं. काणकोणची म्हणाली मग माझ्या तालुक्याला धालोची (बायकांच्या लोकनृत्याची) गाणी धरा, छापलेली नाहीत, पण मी ऐकून उतरवते. त्यालाही हो म्हटलं. चॅलेंज आता वाचनाचं राहिलंय की काय ते बघायला पाहिजे, पण या दोघांना इतकं खूश मी गुडरीड्सच्या बॅजवर कधी बघितलेलं नाही.

18 मे
फोंडा. बाकीबाब. इथे काम अडकलं.

कवितासंग्रह 'वाचून झाला' असं कधी म्हणायचं? पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत डोळे फिरवले की झालं, असं मावसभाऊ म्हणतो. तसं केलं तर एका दुपारीत होतो. पण मी आठवडाभर एकाच कवितेवर आहे, रोज बसमध्ये तीच, आणि बोरीच्या बाजूने जुवारी दिसली की परत तीच. टिकमार्क करायला हात जात नाही. मे महिन्याचा उकाडा, घरात आंबे, फणस, पाहुणे, आणि रकाना उघडा. स्टोरीग्राफ या गुडरीड्ससारख्याच दुसऱ्या साइटवाल्यांनी मूड, वेग, पानं सगळ्याचे आलेख केलेत, पण 'अजून चालू आहे आणि चालूच राहील' असा पर्याय तिथेही नाही.

मी फोंड्यापुढे 'अर्धा' लिहिलं. सर म्हणाले असं चालत नाही. चालतंय.

22 जून
पाऊस लागला आणि साष्टी सुरू केली. मावजोंचं मैत्रिणीने आधीच वाचून टाकलं होतं, त्यामुळे मी जरा शहाणपणा करून म्हटलं की मी साष्टीसाठी फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' घेते. जन्म इंग्लंडचा, म्हणजे आमच्याच नियमात बसत नाही, पण छापलं रायतूरला, 1616 साली. छापखान्याचा जन्म धरा म्हटलं. भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला 1556 मध्ये, तेव्हा साठ वर्षांत इथे मराठीत पुराण छापून झालं, आणि तेही रोमन लिपीत. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज मिळत नाही.

जवळजवळ 11 हजार ओव्या आहेत. मराठीची स्तुती करणाऱ्या सुरुवातीच्या ओव्या आपल्याकडे भाषा दिनाच्या प्रत्येक भाषणात असतात, म्हणणारा छाती फुगवून म्हणतो आणि खाली बसतो. त्याच्यापुढच्या दहा हजार कोणी वाचल्यात हे मला बघायचं होतं. लायब्ररीतून देवनागरी आवृत्ती आणली, वजनाला बरी आहे.

13 जुलै
कपाटात बल्ब लावला. दरवर्षीचं काम, पुस्तकांना बुरशी धरू नये म्हणून साधा साठचा पिवळा बल्ब खालच्या कप्प्यात रात्रंदिवस, वर डांबरगोळ्या, कडुलिंबाचा पाला. आता तो बल्ब पण दुकानात मिळायला कटकट, सगळीकडे एलईडी, आणि एलईडीने ऊब काय मिळणार. दोन जुन्या दिवाळी अंकांना कसर लागली होती, टाकले.

ख्रिस्तपुराणाचा वेग: अत्यंत कमी. कारण ते मनात वाचता येत नाही. ओवी आहे, मोठ्याने म्हटली की पुढे सरकते, मनात वाचली की अडखळते. म्हणून रात्री लाइट गेल्यावर मेणबत्तीत मोठ्याने म्हणते. आई शेजारी बसून ऐकते, पहिल्या दिवशी तिने देवासमोरची वात पण सारखी केली. आदाम-एवाची गोष्ट सुरू झाली तेव्हा म्हणाली, ही खंयची पोथी? सांगितलं. "बरी आसा, पुढें वाच."

10 ऑगस्ट
ग्रुपची स्थिती. मावसभाऊ बाहेर पडला, त्याने नवीन ऑडिओबुकवालं चॅलेंज जॉइन केलंय, ड्राइव्ह करताना दीडपट वेगाने ऐकतो. ऐकलेलं मोजायचं की नाही यावर मला मत नाही, रात्री आई ऐकते ते मोजायचं असेल तर तिचं पण चॅलेंज चालू आहे. सर तिसवाडीत विष्णू वाघांवर आहेत आणि मध्येच नाटकांकडे वळलेत. मैत्रिणीची धालोची वही भरत चाललीय, तिने पेडण्याचं पुस्तक कधीच परत पाठवलं.

ऑफिसात रायचा एक सहकारी आहे, रायतूरच्या शेजारचं गाव. जेवणाच्या सुट्टीत त्याला पुस्तक दाखवलं. देवनागरी तो सावकाश वाचतो, रोमी कोंकणी मात्र झरझर, चर्चमध्ये रोजची सवय. मी एक ओवी रोमनमध्ये टाइप करून फोनवर दिली, त्याने ती माझ्यापेक्षा सुरात म्हटली. मग दुसरी मागितली. मग डबा तसाच राहिला. लंचमध्ये दहा ओव्या हे आमचं आता ठरून गेलंय, त्याला शब्द माझ्यापेक्षा जास्त लागतात, मला ज्ञानेश्वरीच्या सवयीने वळण जास्त लागतं, दोघं मिळून एक वाचक होतो.

7 सप्टेंबर
चवथीच्या आधी-नंतर वाचन शून्य. माटोळी, नेवऱ्या, पाहुणे. नोंद एवढ्यासाठी की शून्य पण लिहावं.

12 ऑक्टोबर
आज शीट उघडली. 12 पैकी निम्मे रकाने भरलेत, ओढून-ताणून. उरलेल्या वेळात बाकीचे भरायचे तर ख्रिस्तपुराण बाजूला ठेवायला लागेल. एक दिवस ठेवून बघितलं. सांग्याच्या रकान्यासाठी एक बारीक पुस्तक आणलं, पान उलटत होते आणि लक्ष सगळं लंचच्या दहा ओव्यांकडे. ते पुस्तक काही वाईट नव्हतं. घाईने वाचलं असतं तर त्याचं वाटोळं झालं असतं, म्हणून परत केलं.

ग्रुपवर लिहिलं: बारा तालुके चॅलेंज माझ्याकडून बंद. सरांचे तीन थम्सअप आले, म्हणजे ते पण याचीच वाट बघत होते.

'कोणी मारलं' च्या रकान्यात: फादर स्टीफन्स.

9 नोव्हेंबर
चॅलेंज बंद झाल्यावर वेग वाढला, हे मात्र कळत नाही. पैलें पुराण संपत आलं, दुसरं उरलंय, येशूचा जन्म तिथून पुढे. सहकाऱ्याने घरून त्याच्या आजोबांचं रोमीतलं एक प्रार्थनेचं पुस्तक आणलं, जुन्या शब्दांसाठी ते उपयोगी पडतं. माझ्याकडे शब्दकोश होता, तो धूळ खात पडलाय.

सर विचारत होते की बंद म्हणजे शीट पण बंद का. म्हटलं शीट चालू ठेवू, फक्त मुदतीचा कॉलम काढून टाकते. काढला. त्या जागी सरांनी 'कोणाबरोबर वाचलं' घातलं, मला न विचारता, आणि स्वतःच्या तिसवाडीपुढे लगेच भरलं पण.

14 डिसेंबर
कामं उरलेली: लायब्ररीचं पुस्तक रिन्यू करायचं, काउंटरवर आता विचारायला लागलेत. मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स. धारबांदोडा अजून कोरा, त्यासाठी मावसभाऊ परत ग्रुपमध्ये आलाय, त्याचा नवा दावा असा की 2011 चं मूल आता लिहिण्याच्या वयाचं झालं असेल, शाळांमधून हस्तलिखितं मागवूया. सर त्याच्याशी भांडतायत. मी ओवी नंबर टाकून ठेवते आणि झोपते, उद्या लंचला येशूच्या जन्माचा भाग सुरू करायचाय, सहकाऱ्याने हॉटेलच्या वरच्या मजल्यावर टेबल धरून ठेवतो म्हटलंय, खाली फार आवाज असतो.